आगाऊ

आमचे दुकान गाद्यांचे. लोणावळ्याच्या बाजारातल्या एका गल्लीत पुढे दुकान आणि मागे घर. आजोबा हाताने कापूस पिंजत. अब्बांनीही निम्मे आयुष्य तेच केले. पुढे मशीन आले आणि पिंजण भिंतीला टांगले गेले, ते अजून टांगलेलेच आहे. कामे बहुतेक बंगल्यांची. मुंबईच्या शेठ लोकांचे बंगले वर्षातले आठ-दहा महिने बंद असत आणि लोणावळ्याच्या पावसात गादीतला कापूस ओल धरून दगड होई. मार्च लागला की माळी निरोप घेऊन येई. इतक्या गाद्या पिंजायच्या, इतके लोड भरायचे, इतक्या तक्क्यांना नवी खोळ घालायची. अब्बा जाऊन माप घेत आणि परत येताना माळ्याला सांगत, "साहेबांना म्हणावं, थोडे आगाऊ द्या." ते पैसे आल्याशिवाय मांजरपाट आणायला त्यांच्या खिशात काही नसे.

त्याच दुकानात, त्याच तोंडातून, तोच शब्द आम्हा पोरांसाठीही निघे. "आगावपना मत कर." गिऱ्हाइकासमोर बोलले की आगाव. मोठ्यांच्या बोलण्यात सुधारणा केली की आगाव. पाहुण्यांसाठी आणलेली नानकटाई मागण्याआधी उचलली की आगाव. आमच्या घरात जी भाषा बोलतात ती उर्दूच्या मास्तरांना उर्दू वाटत नाही आणि मराठीच्या मास्तरांना मराठी. दखनी म्हणावे तर तिच्यात मावळचे पाणी जास्त. त्या भाषेत कोणी कोणाला गुस्ताख म्हटलेले मी ऐकले नाही. बेअदब हा शब्द मौलवीसाहेबांच्या तोंडी असे, तोही जुम्म्याला. रोजच्या वापराला मराठीचा आगाऊच होता, शेवट थोडा बदलून.

एकच शब्द दोन कामांना कसा लागतो याचे मला लहानपणी नवल वाटे. अब्बा पैसे आगाऊ घेतात, ते चालते. मी नानकटाई आगाऊ घेतो, ते का चालत नाही? हे मी एकदा विचारलेही. उत्तर काय मिळाले ते वाचकांना सांगायला नको.

शब्दाचा उलगडा तसा सोपा आहे. आगा म्हणजे पुढची बाजू. आगापिछा, आगेकूच यांत तोच आहे. जे वेळेच्या पुढे, ते आगाऊ. जो आपल्या जागेच्या पुढे, तोही आगाऊ. रक्कम पुढे गेली तर पावती मिळते आणि माणूस पुढे गेला तर थोबाडीत. मोठेपणी मराठीतले या जातीचे शब्द मी गोळा करू लागलो, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. मुजोर, शिरजोर, मगरूर, बेमुर्वत, बेगुमान, बेअदबी. अति धिटाईला मराठी माणूस जी नावे ठेवतो त्यांतली बरीचशी फारसी-अरबीतून आलेली किंवा त्यांचा सांधा लावून केलेली. त्यात राग मानण्यासारखे काही नाही, कारण हिंमत, बहाद्दर, जवांमर्द, मर्दुमकी हेही त्याच वाटेने आले. धाडसाची स्तुती आणि धाडसाची निंदा या दोन्हींसाठी या भाषेने एकाच दुकानातून माल नेला. मराठी मुसलमान म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी आपले रागावलेले बोलणे एकदा कान देऊन ऐकावे.

मुजोर या शब्दापाशी मी बराच थांबलो. मूळ मुँहजोर. मुँह हिंदुस्तानीचे, जोर फारसीचे. तोंडाचा कडक घोडा, लगाम ओढला तरी न वळणारा. म्हणजे हा शब्द घोड्याबद्दल असला तरी बनवला स्वाराने. घोड्याला आपण मुजोर आहोत हे ठाऊक नसते, त्याला फक्त तोंडातले लोखंड ठाऊक असते. उद्धट, मुजोर, आगाऊ हे शब्द ऐकले की ज्याला म्हटले त्याच्याकडे पाहण्याआधी म्हणणारा कुठे बसला आहे ते पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली. यात मी थोडा एकांगी होतो, हे मला मान्य आहे. मुजोर हा शब्द वरच्यालाही लागतो. मुजोर अधिकारी, मुजोर सावकार असे आपण म्हणतो, वर्तमानपत्रे तर रोज छापतात. मगरूर हा तर बहुतेक वरच्यालाच लागतो. पण आगाऊ मात्र वर चढत नाही. साहेबाला, सासऱ्याला, आमदाराला कोणी आगाऊ म्हणत नाही. शेजाऱ्याला म्हणतील, तो बरोबरीचा. पोराला, सुनेला, नोकराला, नव्या मास्तरला, भाडेकरूला म्हणतील. एखाद्या मंत्र्याला आगाऊ म्हटलेच तर त्यात त्याला पोर ठरवण्याचीच मजा असते. प्रत्येकाची जागा आधी ठरलेली आहे असे धरून हा शब्द चालतो. ती कोणी ठरवली ते तो विचारू देत नाही.

आता आमच्या मावळातली एक गोष्ट सांगतो. शाळेत तिचा एक परिच्छेद असतो, पण ज्यासाठी मी सांगणार आहे ते त्या परिच्छेदात नसते.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवायला निघाली. पनवेलला उतरली आणि बोरघाटाने वर आली. सुमारे चार हजार माणूस आणि सामानाचे हजारो बैल. या फौजेच्या आघाडीला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट नावाचा एक तरुण अंमलदार होता. बाकीचे सेनापती एकेक मैल जायला दिवस लावीत असता हा पुढे धावून घाटमाथा धरून बसला होता. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ तो पडला. मराठ्यांची फौज कुठवर आहे हे पाहायला झाडावर चढला आणि तोफेचा गोळा लागला, असे मावळात सांगतात. इंग्रज फौज पुढे तळेगावापर्यंत गेली, तिथे तिला ना दाणा मिळाला ना वैरण. तोफा तळ्यात टाकून रातोरात ती मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली. त्याच जानेवारीत वडगावचा तह झाला. इंग्रजांना हिंदुस्तानात इतका अपमानाचा कागद फार थोड्या वेळा लिहून द्यावा लागला असेल. वरच्या सरकारने तो पुढे मानला नाही ही गोष्ट वेगळी.

(महादजींचे पीर बीडचे मन्सूरशहा, हे या अंकाच्या वाचकांना माहीत असेलच. ज्यांना माहीत नसेल त्यांनी बीडला जाऊन यावे.)

परंतु मला सांगायचे आहे ते स्टुअर्टचे. ज्यांच्या मुलखावर तो चालून आला, त्या मराठ्यांनी या मेलेल्या शत्रूला एक पदवी दिली, इष्टुर फाकडा. फाकडा म्हणजे देखणा, ऐटबाज, जिवाची पर्वा नसलेला गडी. मराठेशाहीत हे नाव थोड्यांनाच लागले, मानाजी शिंदे फाकडे त्यांतले एक. त्यांच्या पंक्तीत एका टोपीकराला बसवले. वडगावला पोलीस ठाण्याच्या आवारात त्याचे थडगे दाखवतात, आणि त्याला मानणारी, त्याच्यापुढे नारळ-उदबत्ती ठेवणारी माणसे या भागात आहेत. शत्रूचे गुण घेण्याची ही दिलदारी मला फार आवडते. आजच्या दिवसांत तर ती जपून ठेवावी अशी आहे. तरीही प्रश्न उरतो. बोलावणे नसता दुसऱ्याच्या घाटात घुसला, सगळ्यांच्या पुढे धावला, आपल्या फौजेला मागे टाकून झाडावर चढला. याहून आगाऊ ते काय असते? पण त्याला आगाऊ कोणी म्हटले नाही. तो फाकडा झाला.

त्याच घाटात दुसरे एक ठाणे आहे. जुन्या रस्त्याने खोपोलीहून वर येताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. ट्रकवाले तिथे गाडी हळू करून नाणे टाकतात, मीही टाकतो. अब्बाही टाकत आणि वर "बुजुर्गों का इलाका है" एवढेच म्हणत. गोष्ट अशी सांगतात. बोरघाटातून वाट काढायला इंग्रज साहेब हैराण झाला होता. कोणी म्हणते सडकेसाठी, ती १८३० ची; कोणी म्हणते रेल्वेसाठी, ती १८६३ ला पुरी झाली. शिंग्रोबा धनगर मेंढरे घेऊन रोज तो घाट चढे-उतरे. त्याने साहेबाला वाट दाखवली. साहेब खूश झाला, म्हणाला, काय हवे ते माग. शिंग्रोबा म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. साहेबाने त्याला गोळी घातली.

इतिहास म्हणून याला कागदाचा आधार किती, हा अभ्यासकांचा प्रश्न आहे. लोकांनी ही गोष्ट दीडशेहून अधिक वर्षे सांभाळली, देऊळ बांधले, नाणी टाकली, एवढे मला पुरते. ही गोष्ट सांगणाऱ्यांना साहेबाच्या मनातला शब्द नेमका कळला होता. बक्षीस मागायला सांगितले तेव्हा शिंग्रोबाने एक घोंगडी, चार मेंढरे, फार तर एखादी सरकारी नोकरी मागायची होती. तो त्याच्या जागेच्या पुढे गेला. आणि वेळेच्याही पुढे, कारण ती मागणी १९४७ ची होती.

एकाच घाटात दोन धीट माणसे मेली. एक दुसऱ्याचे घ्यायला आला होता, दुसरा आपले परत मागत होता. माझ्यापुरती फरक ओळखायची खूण ही आहे. पुढे टाकलेला पाय कोणाच्या जमिनीवर पडतो? पण शब्द वाटणारे ही खूण वापरत नाहीत. ते पाय कोणाचा आहे ते बघतात, त्यात बूट आहे की वहाण ते बघतात.

मावळात हे पुढेही झाले. ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या बंद नळाच्या योजनेविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे गेले. त्याच आठवड्यात आमच्या दुकानात गादीचे माप द्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, जमिनीचे भाव वाढल्यापासून मावळातल्या शेतकऱ्याला मस्ती आली आहे. त्यांचा बंगला ज्या जमिनीवर होता ती कोणाची होती, हे मी विचारले नाही. गिऱ्हाईक होते. विसार दिलेला होता.

आता घरात येऊ. घराबाहेरच्या गोष्टीत आपण नेहमी शिंग्रोबाच्या बाजूचे असतो.

कुराणशरीफात एक सूरा आहे, मुजादला. नावाचा अर्थच वाद घालणारी. खौला बिन्ते सालबा नावाची बाई. नवऱ्याने जुन्या अरबी चालीप्रमाणे तिला, तू मला आईच्या पाठीसारखी, असे म्हणून टाकले. म्हणजे धड बायको नाही, धड मोकळीही नाही. ती हुजूरांकडे आली, आपली कैफियत मांडली, आणि पहिल्या उत्तराने समाधान झाले नाही तेव्हा पुन्हा मांडली, पुन्हा मांडली. त्यावर आयत उतरली आणि त्या चालीला निषिद्ध ठरवून प्रायश्चित्त सांगितले गेले. ही खौला म्हातारी झाल्यावरची एक रिवायत आहे. खलिफा हजरत उमर रस्त्याने जात असता तिने त्यांना अडवले आणि बराच वेळ नसीहत केली. बरोबरच्याने तिला म्हटले, बाई, तू अमीरुल मोमिनीनपुढे फार बोललीस. हजरत उमरनी त्यालाच थांबवले. जिचे गाऱ्हाणे सात आसमानांवर ऐकले गेले तिचे उमरने ऐकू नये काय, असा त्यांच्या बोलण्याचा भाव. ही गोष्ट मी वाजांमध्ये कितीतरी वेळा ऐकली आहे. प्रत्येक वेळी ती हजरत उमर किती नम्र होते हे सांगायला येते. खौला किती धीट होती हे सांगायला ती आलेली मला आठवत नाही. आणि बरोबरचा तो माणूस, ज्याला तिचे बोलणे आगाऊ वाटले, त्याच्याबद्दल तर कोणी अवाक्षर काढत नाही. आम्ही बहुतेक जण तोच माणूस असतो, म्हणून असेल.

१८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध मागण्या घेऊन मोर्चाने गेल्या. त्यांना घेऊन जाणारे हमीद दलवाई. दलवाईंच्या पुष्कळ मतांशी या अंकात लिहिणारे अनेक जण सहमत नाहीत, मीही सगळ्यांशी नाही. पण त्या सात जणींना आपल्या मोहल्ल्यांतून काय काय म्हटले गेले असेल याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. मध्ये एकावन्न वर्षे गेली. त्यानंतर २०१९ ला जो कायदा आला, त्यात नवऱ्याला तुरुंगात घालण्याचे कलम आहे. ते मला पटत नाही, पण तो वेगळा विषय. इथे मला इतकेच म्हणायचे आहे की एकावन्न वर्षे आपण स्वतः काही केले असते तर ते दुसऱ्यांनी आपल्यासाठी आणि आपल्यावर करायची वेळ आली नसती. त्या बायका आगाऊ होत्या, शब्दाच्या पहिल्या अर्थाने. पैसे आगाऊ दिले की व्याज वाचते, हे आमच्यासारख्या दुकानदारांना तरी कळायला हवे होते.

रझिया पटेल यांचे 'चाहूल' ज्यांनी वाचले असेल त्यांना १९८२ चे जळगाव ठाऊक आहे. मुस्लिम बायकांनी सिनेमाला जायचे नाही असा फतवा निघाला आणि ही मुलगी त्याविरुद्ध उभी राहिली. सिनेमा ही काही फार मोठी वस्तू नाही. तीन तास अंधारात बसायचे, खारे शेंगदाणे खायचे. शब्दाची गंमत इथेच आहे. फार मोठी वस्तू मागणाऱ्याला बंडखोर म्हणतात, त्यात थोडा तरी मान असतो. लहान वस्तू मागणाऱ्याला आगाऊ म्हणतात.

कोणी म्हणेल, मग आगाऊपणा नावाची गोष्ट नाहीच की काय? आहे. रांगेत मागून येऊन पुढे घुसणारा आहे. मैयतीच्या घरी किंमत विचारणारा आहे. दुसऱ्याच्या पोरीचे लग्न का होत नाही हे जेवणाच्या पंगतीत विचारणारा आहे. हजरत लुकमानांनी मुलाला जी नसीहत केली, लोकांपुढे गाल फुगवू नकोस, जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस, आवाज खाली ठेव, ती जुनी झालेली नाही. मी स्वतः ती नातवाला शिकवतो. पण लक्षात घ्या, ती नसीहत बाप मुलाला करतो आहे आणि विषय आहे तोऱ्याचा. तोरा वरच्यालाही असतो, किंबहुना त्यालाच जास्त. आपण ती फक्त खाली वाचून दाखवतो.

आणि कधी कधी हा शब्द नुसता दार बंद करायच्या कामाला येतो. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या वरच्या अंगाला धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत लहान मुले. पाण्याचा जोर एकाएकी वाढला होता. आम्ही लोणावळ्याची माणसे. त्या पाण्याची आम्हाला ओळख आहे, बाहेरून आलेल्याला नसते. संध्याकाळी गल्लीत बातमी आली आणि पहिले वाक्य जे माझ्या कानावर पडले ते, "आगाऊपणा नडला." मेलेली माणसे आपल्यातली होती हे नंतर कळले, तेव्हा वाक्य बदलून "अल्ला की मर्जी" झाले. दोन्ही वाक्ये मला सारखीच खुपली. पाण्यात उभे राहणे चूक होती, हे खरे. पण मेलेल्या पोराला आगाऊ म्हणून टाकले की तिथे दोर का नव्हता, पहारा का नव्हता हे विचारायचे काम संपते. आणि रडायचेही.

माझे स्वतःचे सांगायचे टाळत इथवर आलो.

आम्ही तीन भावंडे. भाईजान, मी आणि आमच्या पाठची एक बहीण. बहिणीचे लग्न पुण्याला झाले. नवरा साधा, खाजगी नोकरीतला. अम्मी आधीच गेली होती. २००२ ला द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि लोणावळ्यातल्या जागांना जो भाव आला त्याने आमच्या गल्लीतल्या गाद्या भरायच्या दुकानालाही दलाल विचारू लागले. त्या सुमारास ईदला बहीण आली. जेवणे झाल्यावर भांडी घासून, हात पुसत अब्बांपुढे बसली आणि सरळ म्हणाली, "अब्बा, मेरा हिस्सा अभी लिख के रखो ना."

अब्बा काही बोलले नाहीत. भाईजान म्हणाले, शरियतमध्ये बाप जिवंत असता वारसाला हिस्सा नसतो. ते बरोबरच होते. बहीण म्हणाली, "हिस्सा नहीं, हिबा बोलो. जीते जी दे सकते ना? तुम दोनों को भी दो, मेरे को भी दो. कागद कर के." तेही बरोबर होते. आपल्या हयातीत बापाने बक्षीस द्यायला शरियतची आडकाठी नाही. म्हणजे ती वाचून आली होती, आणि तेच आम्हाला सहन झाले नाही. अब्बा एवढेच म्हणाले, "मेरे मरने की राह देखती क्या?" तिचे डोळे भरले. तेव्हा मी, जो वर्तमानपत्रात लेख लिहीत होतो, सभांमधून स्त्रियांच्या हक्कांवर बोलत होतो, तो मी म्हणालो, "बहोत आगाव हो गई तू."

त्यानंतर तिने अब्बांच्या हयातीत तो विषय काढला नाही. अब्बा गेले. चाळिसावा झाला आणि त्याच आठवड्यात भाईजाननी हक्कसोडपत्राचा कागद तयार करून आणला. आपल्याकडे हिंदू असोत की मुसलमान, बहिणीने सही करून द्यायची ही रीत एकच आहे. एकतेचे एवढे भक्कम उदाहरण दुसरे नसेल. दोन भाऊ, एक बहीण; पाचातला एक हिस्सा तिचा. शरियतने ठरवलेला, त्यात कोणाचा उपकार नाही. ती आली, चष्मा काढून पुसला, सही केली. मी शेजारी उभा होतो. कुठे सही करायची ते बोटाने मीच दाखवले. तिने काही विचारले नाही. आगाऊपणा तिच्यातून पुरता गेला होता.

तिने हिबा मागितला तेव्हा मला राग कशाचा आला, हे मी नंतर पुष्कळ तपासले. हावरटपणाचा नव्हे, कारण ती फक्त तिचेच मागत होती, तेही आमच्यापेक्षा निम्मे. बापाच्या मरणाचे नाव निघाले याचा होता असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. पण भाईजान वर्षभर आधीपासून दलालाशी बोलत होते, ते काय अब्बांच्या शंभर वर्षांच्या आयुष्याची दुआ मागत होते? तेव्हा मला राग आला नव्हता. खरे ते असे, की ती नंतर मागणार नाही याची आम्हाला खात्री होती. अब्बांच्या मागे आमच्या दारात उभे राहून मागणे तिला जमणार नाही हे आम्ही ओळखून होतो आणि तीही ओळखून होती. म्हणून तिने आधी मागितले. वेळेच्या पुढे मागणे एवढाच तिच्याकडे एक उपाय होता, आणि मी नेमके त्यालाच नाव ठेवले.

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याला तिच्याकडे गेलो. सांगितले की माझ्या वाट्यातून तुझा हिशोब मला पुरा करायचा आहे. भाईजानच्या वाट्याचे मी बोलू शकत नाही, पण माझे मी करतो. ती बराच वेळ गप्प बसली. तिची मुले मोठी झाली आहेत, धाकटी वकिलीचे शिकते. तीच बोलली, "मामू, तोंडी की लेखी?"

बहीण तिच्यावर डाफरली, "ए, आगावपना नक्को."

मी म्हणालो, तिला बोलू दे. मग वहीचे पान फाडून तिने कोणकोणते कागद लागतील ते लिहून दिले. सातबारा नव्हे मामू, सिटी सर्व्हेचा उतारा लागेल, एवढी सुधारणाही केली. ते पान घेऊन मी दोनदा वडगावला दुय्यम निबंधकाकडे जाऊन आलो आहे. एक सही भाईजानची हवी आहे. ते फोन उचलत नाहीत. परवा निरोप मिळाला की मला या वयात नको ते आगाऊ उद्योग सुचू लागले आहेत.